बाप्पाचं गुणी लेकरू कसं व्हावं

देव आपला बाप आहे, हे तुम्हाला सांगायला नकोच. 'बाप्पा' म्हणजे दुसरं काय? पण त्याचं गुणी लेकरू व्हायचं तर थोडी शिकवणी लागते. माझी परवाच झाली. ठाण्यात, नौपाड्यातल्या आमच्याच गल्लीत, रात्री साडेदहाला.

पहिलं म्हणजे, बाप ठार बहिरा आहे असं धरून चाला. सुपाएवढ्या कानांना भुलू नका.

परीक्षेआधी कोपिनेश्वराला जा. निकालानंतर नाही गेलात तरी चालतं.

काही चुकलं की 'लेकराचं चुकलं, पोटात घाल' म्हणून मोकळं व्हा. वय पन्नास असलं तरी लेकरूच. (आईच्या पोटात सगळं मावतं हे आपणच ठरवलंय.)

आणि बाप घरी येणार असेल तर आधी रस्ता अडवा. परवा आगमन होतं. आईला दुपारपासून ताप, रात्री धाप लागली. रिक्षा गल्लीच्या तोंडाशीच अडकली, कारण पुढे मांडव, मांडवापुढे ट्रॉली, ट्रॉलीपुढे भिंतीएवढे स्पीकर. रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर बंद, हा नियम 2000 सालचा आहे. म्हणजे पुढे नाचणाऱ्या निम्म्या पोरांपेक्षा वयानं मोठा! शेवटी मी आणि वॉचमननं आईला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचललं. गर्दीत एक जण म्हणाला, ''काका, दहाच मिनिटं, बाप्पा येतायत.'' आणि आई? धापा टाकत त्या खुर्चीतून मूर्तीला हात जोडत होती.

पुंडलिकानं आईबापाची सेवा चालू होती म्हणून दारातल्या विठ्ठलाकडे वीट फेकली, म्हणाला, थांब. तो थांबला. अजून उभा आहे. आणि तुम्ही देवाच्या ट्रॉलीसाठी म्हातारीला थांबवता?

दुसऱ्या दिवशी मंडळाचे अध्यक्ष भेटले. ''देव आईसारखा सांभाळतो हो. पोचलात ना वेळेत?'' सांभाळलं वॉचमननं. त्याचा खांदा अजून धरलाय. वर्गणीची पावती मात्र माझ्या नावानं फाटली.

अरे, बाप म्हणता ना त्याला? मग बापाच्या दारात असा धिंगाणा घालता का? की घरच्या बापापुढेही असंच? लाज वाटू द्या जरा. एक रिक्षा जाईल एवढी वाट सोडा, दहा वाजले की ते स्पीकर बंद करा, आणि 'दहाच मिनिटं' हे पुन्हा माझ्या तोंडावर म्हणू नका.