वळिवड्याचे पाहुणे आपल्या घरी का गेले नाहीत?

दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या निर्वासितांना कोल्हापूरजवळ ठेवलं होतं, त्या वळिवडे कॅम्पबद्दल आपण कोल्हापूरकर भरभरून बोलतो, पण बोलतो ते बहुतेक स्वतःबद्दलच. संस्थानानं जागा दिली, आपल्या लोकांनी जीव लावला, वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक उभं राहिलं, ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी तिथं फुलं वाहिली. सगळं खरं आहे, अभिमानही रास्त आहे. तरी एक प्रश्न आपण दरवेळी अर्ध्यावर सोडतो. युद्ध १९४५ ला संपलं, मग ही जवळपास पाच हजार माणसं १९४८ पर्यंत इथं का थांबली? आणि निघाली तेव्हा त्यांतली कितीतरी पोलंड सोडून इंग्लंडला का गेली? ‘कोल्हापूरची माया लागली होती’ असं भाषणात ठोकून दिलं की टाळ्या पडतात. माया लागली असेलच, पण त्या उत्तरात पुन्हा आपलंच कौतुक.

मला त्याचं उत्तर बाल्टिक समुद्रावरच्या चार तोफांच्या गोष्टीत सापडतं. ती जरा सविस्तर सांगतो.

नकाशात पोलंडच्या उत्तरेला बघा. हेल नावाची जमिनीची चिंचोळी पट्टी समुद्रात घुसलेली दिसेल. लांबी साधारण ३५ किलोमीटर, रुंदी काही ठिकाणी तीनशे मीटरसुद्धा नाही. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात पोलंडकडं किनारा अगदी एवढासा होता आणि ग्दिन्या हे नवं बांधलेलं बंदर सगळ्या देशाचा श्वास होतं. त्या बंदराकडं जाणारी वाट हेलच्या टोकावरून राखता येते. म्हणून १९३० च्या दशकात तिथं स्वीडनच्या बोफोर्स कंपनीच्या चार तोफा बसवल्या. (हो, तीच बोफोर्स. आपल्याकडं ते नाव निघालं की लोकांना राजकारणच आठवतं.) तोफांचं तोंड १५२ मिलिमीटरचं, मारा पंचवीस किलोमीटरच्या पुढं. या तोफखान्याला हेलिओदोर लास्कोव्स्की या नौदल अधिकाऱ्याचं नाव दिलं होतं.

चार तोफांनी युद्धनौकेला काय होणार, असं वाटेल. पण जहाज लाटांवर डुलत असतं, किनाऱ्यावरची तोफ हलत नाही. तिच्या माणसांनी समोरच्या पाण्यातली अंतरं आधीच मोजून ठेवलेली असतात. जहाज उघड्या समुद्रात लपणार कुठं? तोफ मात्र झाडीत आणि जाळीखाली दडते. सिंधुदुर्ग १८१२ पर्यंत आपल्या कोल्हापूरच्याच ताब्यात होता, तेव्हा किनाऱ्यावरच्या तोफेची किंमत आपल्याला कुणी वेगळी सांगायला नको.

१ सप्टेंबर १९३९ ला जर्मनीनं हल्ला केला. ३ तारखेला लेबेरेख्त मास आणि वोल्फगांग त्सेंकर या दोन जर्मन विनाशिका हेलवर चालून आल्या. बंदरातल्या ग्रिफ आणि विखेर या पोलिश जहाजांनी आणि या तोफखान्यानं मिळून त्यांना धुराच्या पडद्याआड माघार घ्यायला लावली. लेबेरेख्त मासवर गोळा बसला, चार जर्मन खलाशी मेले. त्याच दिवशी विमानं आली आणि ग्रिफ, विखेर दोन्ही बुडाली. पोलंडच्या मोठ्या तीन विनाशिका युद्धाच्या तोंडावरच इंग्लंडला पाठवल्या होत्या. त्यानंतर हेलवर पृष्ठभागावरचं मोठं लढाऊ जहाज उरलं नाही. राहिल्या त्या तोफा.

महिनाअखेर श्लेसविग-होलश्टाइन आणि श्लेझिएन ही जुनी पण २८ सेंटिमीटर तोफांची दोन जहाजं आली. तोफखान्याचा प्रमुख कॅप्टन झ्बिग्न्येव प्शिबिशेव्स्की २५ सप्टेंबरला जखमी झाला आणि दोन दिवसांत दवाखान्यातून उठून पुन्हा तोफांपाशी हजर. गडी तेव्हा अवघा बत्तीस वर्षांचा होता. वॉर्सा २८ ला पडलं, तरी हेल लढतच होतं. ते २ ऑक्टोबरला थांबलं.

तिथल्या नौदलाचे प्रमुख रिअर अ‍ॅडमिरल युझेफ उन्रुग यांचा जन्म जर्मनीतला. पहिल्या महायुद्धात ते जर्मन नौदलातच होते, पाणबुडीवर. कैदेत असताना जुने जर्मन सहकारी भेटायला आले तर ते दुभाष्या मागायचे. जर्मन भाषा आपण १ सप्टेंबरला विसरलो, असं सांगायचे. असला ताठा कोल्हापुरात लगेच समजेल!

आता पुढचं. प्शिबिशेव्स्की युद्ध संपल्यावर मायदेशी परतला आणि पुन्हा नौदलात रुजू झाला. तोवर पोलंडमध्ये मॉस्कोच्या ओंजळीनं पाणी पिणारं सरकार आलं होतं. १९५० मध्ये त्याला अटक झाली. हेरगिरीचा खोटा आरोप, छळ, खटला, आणि १६ डिसेंबर १९५२ ला वॉर्साच्या तुरुंगात गोळी. प्रेत बेनाव खड्ड्यात टाकलं. १९५६ मध्ये निर्दोष ठरवलं, पण अवशेष सापडून ग्दिन्यात सन्मानानं दफन व्हायला १६ डिसेंबर २०१७ उजाडावं लागलं. जर्मन जहाजांना जे जमलं नाही, ते स्वतःच्या देशाच्या सरकारनं केलं.

वळिवड्यातल्या बायकांना १९५२ मध्ये काय होणार हे अर्थातच माहीत नव्हतं. पण हे सरकार कुणाच्या जोरावर बसलंय, ते त्यांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. १९४० मध्ये रशियनांनीच त्यांना पूर्व पोलंडमधल्या घरांतून उचलून, गुरांच्या डब्यांत कोंबून सैबेरियात आणि कझाकस्तानात नेलं होतं. तिथून सुटून इराणमार्गे ही माणसं इथवर पोचली. कितीजणींचे नवरे आणि पोरं पोलिश जनरल आंदेर्सच्या फौजेत इटलीत लढत होती. आणि १९४५ मध्ये बड्या राष्ट्रांनी याल्टात बसून ती गावंच सोव्हिएत युनियनच्या हद्दीत टाकली. घर दुसऱ्याच देशात गेलेलं, तर परतायचं कुठं? काहीजण तरीही पोलंडला गेले. बाकीच्यांनी, जिथं आंदेर्सची ती फौज होती ते इंग्लंड किंवा आणखी लांबचा देश धरला. त्यांचा अंदाज बरोबर होता, हे हेलच्या कॅप्टनचं पुढं जे झालं त्यावरून दिसतं.

त्याच बराकींत नंतर सिंधी कुटुंबं आली आणि गांधीनगर वसलं. त्यांचीही घरं सरहद्दीपलीकडं राहिलेली. ही गोष्ट तिथल्या जुन्या माणसांना सांगितली तर फार समजावून द्यावी लागणार नाही.

म्हणून माझं एवढंच म्हणणं आहे, की महावीर उद्यानातल्या स्मारकापाशी शाळेची पोरं नेणाऱ्या शिक्षकांनी आपल्या पाहुणचाराच्या जोडीला याल्टा सांगावं आणि हेलही सांगावं. पाचवी-सहावीच्या पोरांना तोफांची गोष्ट ऐकायला कंटाळा येत नाही, हा माझा अनुभव आहे. ‘मग त्या कॅप्टनचं काय झालं?’ हे ती स्वतःच विचारतात.