तुळयांच्या भेगा आणि काळ्या रेषा: आमचं उत्तर

नमस्कार सर. आम्ही लाकडी पट्ट्या चिकटवून बनवलेल्या तुमच्या डायनिंग हॉलच्या तुळयांना भेगा पडल्या, पट्ट्यांमधल्या काळपट रेषा घाण दिसतात, 'फळ्या चिकटवून तुळई म्हणून विकली, यापेक्षा अखंड साग बरा, जर्मनीत असंच छप्पर कोसळून माणसं गेली' असं तुम्ही लिहिलंय. एकच स्टार दिलात, तो तुमचा हक्क. पण जर्मनीचं नाव काढलंत, तर ते पूर्ण सांगायला हवं.

जर्मनीतल्या बाड रायशनहाल गावच्या आइस रिंकचं छप्पर २ जानेवारी २००६ रोजी बर्फाच्या भाराने कोसळलं, १५ जण गेले. त्या तुळयांना युरिया रेझिनचा ग्लू होता. कोरड्या जागी तो चालतो, कायमच्या दमट हवेत त्याची पकड सुटत जाते. त्यात डिझाइनच्या हिशोबातल्या चुका आणि देखभालीची हयगय. तुमचा हॉल समुद्राला लागून, म्हणून आम्ही फिनॉल-रिसॉर्सिनॉल हे दुसरं ग्लू वापरलं. ते पाण्याला दाद देत नाही, आणि वाळल्यावर गडद तपकिरी होतं. तुम्हाला खुपतात त्या रेषा याच!

सागाचं म्हणाल तर, तुळई वाकते तेव्हा खालची बाजू ताणली जाते. अखंड लाकडात नेमकी तिथे मधोमध मोठी गाठ आली, तर ती तिथूनच मोडू शकते. आम्ही अशा गाठी कापून काढतो, तुकडे फिंगर जॉइंटने (टोकांना बोटांसारखे दाते पाडून, ते एकमेकांत चिकटवून) जोडतो आणि सर्वांत चांगल्या पट्ट्या वर आणि खाली घालतो. दुय्यम पट्ट्या मध्ये जातात, हे कोटेशनमध्येही लिहिलेलं होतं. आणि भेगा सागालाही पडतात, कुठल्याही जुन्या वाड्यातली तुळई बघा.

तुमच्या फोटोंतल्या भेगा पट्टीच्या अंगातून, लाकडाच्या तंतूंच्या दिशेने गेल्यात. पावसाळ्यात ओढलेला ओलावा उन्हाळ्यात सुटला की लाकूड असं तडकतं. जोड उघडला असता तर भेग त्या काळ्या रेषेवरून धावली असती. फक्त पश्चिमेकडच्या टोकाचा फोटो धूसर आहे, तिथलं मी इथून सांगणार नाही. आमचा माणूस फीलर गेज (फटीत घालून बघायच्या पातळ पट्ट्या) घेऊन येईल. जोड सुटलेला निघाला तर तुळई आमच्या खर्चाने बदलू. नुसती वाळल्याची भेग असेल तर पैसे परत मिळणार नाहीत.

त्याच टोकावर पन्हाळीचं पाणी ठिबकताना दिसतंय, ते आधी बंद करा. आणि रंगारी कितीही म्हणाला तरी आमचा माणूस येईपर्यंत भेगांत पुट्टी भरू देऊ नका, तपासायला काही उरणार नाही.