ॲन व्हायला कुणीच तयार नसतं

लहानपणी एनिड ब्लायटनची ‘फेमस फाइव्ह’ ही साहसकथांची मालिका वाचताना मला त्यातली जॉर्ज नावाची मुलगी व्हायचं असायचं. सगळ्यांनाच व्हायचं असायचं. ॲन कुणालाच नको.

१९४२ साली सुरू झालेली ही मालिका मोठेपणी परत वाचली आणि जॉर्जबद्दल थोडं वाईटच वाटलं. धाडस करायची परवानगी मिळावी म्हणून बिचारीनं केस कापलेत, जॉर्जिना या नावाला ओ देणं सोडलंय. ‘अगदी मुलासारखी आहेस’ ही तिला सगळ्यात मोठी शाबासकी. आणि ॲन? ती गुहेतसुद्धा अंथरुणं नीट घालते, भांडी विसळते. बाकीच्यांचं साहस तिच्या जिवावर चालतं, पण भित्री म्हणून चेष्टा तिचीच.

त्याआधी ‘जो’ नावाची मुलगी होती, १८६८ च्या ‘लिटल विमेन’ या कादंबरीतली. कादंबरीच्या लेखिकेला, लुईसा मे अल्कॉटला, तिला बिनलग्नाची लेखिकाच ठेवायचं होतं. पण ‘लग्न कुणाशी?’ म्हणून वाचक मुलींची पत्रांवर पत्रं. शेवटी बाईंनी लग्न लावलं, पण सगळ्यांच्या लाडक्या लॉरीला, म्हणजे जोच्या मित्राला, डावलून एका वयस्क प्रोफेसराशी! हा खवचटपणा मला फार आवडतो.

२०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात विसाव्या शतकातली साडेपाच हजारांवर बालपुस्तकं तपासली होती. मुख्य पात्र पुरुष किंवा मुलगा असलेली ५७ टक्के, बाई किंवा मुलगी असलेली ३१. प्राण्यांमध्ये तर फरक याहून मोठा. यात आपणही सामील आहोत बरं का. मराठीनं ‘ते अस्वल’, ‘ते कासव’ अशी छान सोय करून ठेवलीय, तरी वाचून दाखवताना तोंडातून अस्वलदादाच निघतो. ताई कोण, तर चिऊ आणि खार. चिमुकल्या.

आता पुस्तकांत धाडसी मुली भरपूर आल्यात, छानच आहे. पण त्या फार हुशार असतात हो! मुलगा आळशी, वेंधळा, नापास असला तरी नायक होतो; मुलीला आधी पहिला नंबर काढावा लागतो. ॲस्ट्रिड लिंडग्रेनच्या पुस्तकातली १९४५ सालची पिप्पी थापा मारायची, तिला पाढे यायचे नाहीत, उशीवर पाय ठेवून झोपायची. तसा वेडेपणा आता क्वचितच भेटतो.

मला खरं तर ॲनचं पुस्तक वाचायचंय. ती शेवटपर्यंत भित्रीच राहिली तरी चालेल. फक्त त्या दिवशी भांडी तिच्या मोठ्या भावानं, ज्युलियननं घासावीत.