चिमूटभर पावडर, तळेभर शेवाळ

सध्या फिरणारा दावा असा: तळ्यात जिवाणूंची पावडर टाका, जिवाणू शेवाळ खाऊन टाकतात, किलोभराचे पाकीट पुरते, सगळे नैसर्गिक असल्याने धोका काहीच नाही आणि शेवाळ पुन्हा येत नाही. यातला पहिला भाग तेवढा अर्धामुर्धा खरा आहे.

‘जिवाणू शेवाळ खातात.’ बॅसिलस, स्ट्रेप्टोमायसिस, शेवानेला या प्रजातींतले काही जिवाणू शैवालाच्या पेशी फोडणारी द्रव्ये सोडतात, हे खरेच. (गंमत म्हणजे ज्याला आपण नील-हरित शैवाल म्हणतो, तेही मुळात जिवाणूच!) पण ही करामत बहुतेकदा प्रयोगशाळेतल्या चंबूतली.

‘एक पाकीट पुरते.’ हिशेब करून पाहा. परिणाम दिसायला जिवाणूंची दाटी लागते, मिलिलिटरमागे निदान 10 लाखांच्या घरात. एक हेक्टरच्या, 2 मीटर खोल तळ्यात 20,000 घनमीटर पाणी असते. पावडरीत ग्रॅमला 1 अब्ज जिवाणू धरले, तर ती लागेल 20 टन. ‘पाण्यात गेल्यावर वाढतील की,’ असे कुणी म्हणेल. पण पाण्यातले आदिजीव (एकपेशीय सूक्ष्म जीव) त्यांना गट्टम करायला टपलेलेच असतात आणि मूळचे जिवाणू सहजी जागा सोडत नाहीत.

‘नैसर्गिक, म्हणून निर्धोक.’ मला सर्वांत जास्त खटकते ते हे. नील-हरित शैवालाचे मायक्रोसिस्टिन हे यकृताला घातक विष बहुतांशी त्याच्या पेशीच्या आत असते. पेशी फुटली की ते पाण्यात उतरते आणि पाणी उकळूनही जात नाही. 1979 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पाम बेटावर धरणातले शैवाल मारायला मोरचूद टाकला. काही दिवसांत शंभराहून जास्त माणसे आजारी पडली, त्यांत बहुतेक मुले. पुढे ठपका नील-हरित शैवालाच्याच एका विषावर आला. तिथे मारेकरी मोरचूद होता, इथे जिवाणू असेल. फुटणारी पेशी तीच. शिवाय मेलेले शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो नि मासे मरतात.

‘पुन्हा येत नाही.’ का येणार नाही? त्याचा खुराक, म्हणजे नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस), तिथेच आहे. जिवाणू नत्राचा वायू करून तो हवेत सोडू शकतात. स्फुरदाला तशी वाट नाही. जिवाणूने ते पोटात घेतले, तरी तो मेला की परत पाण्यात किंवा गाळात. 1973 मध्ये कॅनडातल्या ‘लेक 226’ या सरोवरात मधोमध पडदा लावला. एका बाजूला कार्बन आणि नत्र सोडले, दुसऱ्या बाजूला त्यांच्या जोडीला स्फुरदही. हिरवी झाली ती दुसरी बाजू. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन सरोवरात स्फुरद घेऊन येणारे सांडपाणी 1968 पर्यंत दुसरीकडे वळवले, तेव्हा कुठे ते पाणी निवळत गेले.

जिवाणूंना खरे काम आहे ते गाळणीत. मायक्रोसिस्टिनचे तुकडे करणारे स्फिंगोमोनाससारखे जिवाणू असतात. जलशुद्धीकरणात संथ गाळणीच्या वाळूवर जो बुळबुळीत थर धरतो, त्यात असे जिवाणू वस्ती करतात. पाणीच त्यांच्याकडे चालत येते. पाकिटातून ओतावे लागत नाहीत.