पुलाला मुंडकं लागत नाही

‘पुलगावच्या पुलाचं दडवलेलं सत्य’ हा मेसेज मला आतापर्यंत पाच जणांनी पाठवला. चौघांचा वाचून सोडून दिला. पाचवी माझी मोठीमाय. परवा तिनं दारात आलेल्या डवरी गोसाव्याला पीठ न घालताच हाकललं आणि वहिनीला बजावलं, “पोराले एकटं शाळेत नोको धाडू, नाल्यावर पुलाचं काम सुरू हाये.” म्हणून हे लिहितोय.

मेसेजचा ऐवज असा: वर्धा नदीवरचा रेल्वेपूल उभा राहीना, तेव्हा इंग्रजांनी पायात लहान मुलं पुरली. चुन्यात गूळ घातला. इंग्रजांचे पूल पडत नाहीत आणि शंभर वर्षं झाली की लंडनहून पत्र येतं, ‘मुदत संपली’. शेवटी, ‘आजही मोठ्या पुलाला बळी लागतो, मुलं सांभाळा.’

पत्राचं आधी उरकतो. ही लाइन टाकली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीनं. तिचा कारभार सरकारनं १९२५ मध्येच हाती घेतला, १९५१ मध्ये तिची मध्य रेल्वे झाली. मग पत्र टाकतं कोण? पूल तर रेल्वेचे इथलेच अभियंते दरवर्षी पावसाळा सरला की तपासतात.

आणि पडत नाहीत म्हणे! १८६७ मध्ये या लाइनीनं गाडी नागपूरला पोचली, त्याच वर्षी याच कंपनीचा भोर घाटातला दगडी पूल कोसळला. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला दोन एसट्या घेऊन सावित्रीत गेलेला पूलही १९२८ चा, म्हणजे इंग्रजांच्याच काळातला.

गुळाचं मात्र खरं आहे, नाइलाजानं मान्य करतो. चुना मळताना गूळ, हिरडा, बेलफळाचा गर घालत. पण ती आपल्या गवंड्यांची जुनी रीत, वाड्यांच्या भिंतींतही तीच. यात इंग्रजांचं गुपित कसलं?

आता मुलांचं. वर्धा जिल्ह्याचं गॅझेटियर उघडा. पुलगाव हे नावच पूल बांधायला आलेल्यांच्या तात्पुरत्या वस्तीवरून पडलं. राबणाऱ्या माणसांची पालं तिथंच, पुलाच्या बुडाशी. त्यांच्या डोळ्यांदेखत मुलं पुरली आणि ते दगड रचत राहिले? पाया खडकाला टेकला की पूल उभा राहतो, पुरानं पायाखालची रेती नेली की पडतो. मुंडक्याचं काम कुठं आलं त्यात?

ही भुमका आपल्याकडचीच आहे असंही नाही. २०१९ मध्ये बांगलादेशात पद्मा नदीवरच्या पुलाला माणसांची मुंडकी लागतात असं पसरलं. पूल बांधणाऱ्यांनी जाहीर खुलासा केला, तरी ढाक्यात मुलीच्या शाळाप्रवेशाची चौकशी करायला गेलेल्या एका आईला जमावानं मुलं पळवणारी समजून मारून टाकलं.

ढाका लांब वाटत असेल तर धुळे घ्या. १ जुलै २०१८, राईनपाडा. मोबाइलवर मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज फिरत होते, आठवडी बाजाराचा दिवस होता. गावात आलेल्या पाच अनोळखी माणसांना लोकांनी ठेचून मारलं. पाचही जण भिक्षेवर पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी. परवा आमच्या दारातून हाकलला, तोही डवरीच.

मोठीमायला हे सगळं वाचून दाखवलं. राईनपाड्याशी आलो तशी तिनं मान खाली घातली, बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “पण गुळाचं तं खरं हाये ना?”