मोठे इंजेक्टर टाकले की पॉवरही वाढते आणि अॅव्हरेजही? थांबा जरा

डिझेल पिकअपवाल्यांमध्ये एक मेसेज बरेच दिवस फिरतोय, तुमच्यापर्यंतही आला असेल. थोडक्यात असा: कंपनीचे इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे भाग) काढा, मोठ्या नोझलचे (फवाऱ्याच्या भोकांचं टोक) टाका, पॉवर सरळ ३० टक्के वाढते, अॅव्हरेज पण सुधारतं, ट्यूनिंग (इंजिनच्या कॉम्प्युटरमधलं सेटिंग बदलणं) लागत नाही, थोडा काळा धूर आला तर समजायचं इंजिन मोकळं झालं, आणि इंजिनला काही होत नाही कारण कंपनीने ते मुद्दाम दाबून ठेवलेलं असतं. हे वाचून लोक खरंच इंजेक्टर मागवतायत, म्हणून हे सविस्तर लिहितोय. सगळंच खोटं आहे असं माझं म्हणणं नाही, पण जे खरं आहे ते वेगळ्या इंजिनाबद्दल किंवा वेगळ्या परिस्थितीत खरं आहे.

आधी ते ३० टक्के कुठून आले ते बघू. नोझलची भोकं फार बारीक असतात, मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षा थोडी मोठी. समजा ०.१५ मिमीचं भोक ०.१७ केलं. ऐकायला काहीच नाही, पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गात वाढतं, म्हणजे भोक जवळजवळ २८ टक्के मोठं झालं. टेस्ट बेंचवर (इंजेक्टर तपासायचं यंत्र) तेवढ्याच प्रेशरला, तेवढ्याच वेळात साधारण तेवढं जास्त डिझेल पडतं, आणि विकणारा त्याला '३० टक्के ओव्हर' म्हणतो. हा आकडा डिझेलच्या फ्लोचा आहे. मेसेज पुढे जाता जाता तो पॉवरचा झाला.

आता इंजेक्टर पॉवर बनवत नाही, तो फक्त डिझेल टाकतो, पॉवर बनते ते डिझेल जळल्यावर आणि जळायला हवा लागते. कागदावर एक किलो डिझेलला साधारण साडेचौदा किलो हवा पुरते, पण डिझेल इंजिनात हवा आणि डिझेल आधी मिसळलेले नसतात, हवा दाबून तापली की ऐनवेळी फवारा सुटतो, त्यामुळे प्रत्यक्षात १८-२० किलो तरी हवा पाहिजे नाहीतर धूर. चांगलं टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) असलेलं डिझेल इंजिन एक किलोवॅट तासभर द्यायला साधारण २१० ग्रॅम डिझेल घेतं. तुम्हाला ५० किलोवॅट, म्हणजे ६७ एचपी जास्त पाहिजेत, तर तासाला साडेदहा किलो जादा डिझेल, म्हणजे साधारण साडेबारा लिटर. ते इंजेक्टर देईल. पण त्याच्यासोबत तासाला २१० किलो जादा हवा लागणार, म्हणजे अंदाजे १७५ घनमीटर, ती कोण देणार? कंपनीच्या टर्बोत थोडी शिल्लक असते, बऱ्याच गाड्यांत असते हे मान्य, पण ती शिल्लक संपली की पुढचं सगळं डिझेल नुसतं धूर आणि उष्णता बनतं. धुराचा मुद्दा इथेच निकालात निघतो. काळा धूर म्हणजे न जळलेला कार्बन, तुम्ही पैसे मोजून टाकीत भरलेला. इंजिन मोकळं झाल्याची ती खूण नाही, हवा कमी पडल्याची आहे. आणि डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या गाडीत तो धूर दिसतही नाही, फिल्टरमध्ये साठतो, मग रिजनरेशन (साठलेली काजळी जाळणं) वारंवार होतं, त्यात पुन्हा डिझेल जातं.

अॅव्हरेजचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे लोक खोटं बोलत नाहीयेत, त्यांना खरंच फरक दिसलेला असतो. तो का दिसतो हे समजून घ्या.

तुमची गाडी सपाट रस्त्यावर ताशी ८० ने चाललीय, तेवढंच वजन, तेवढीच हवा अंगावर, तेवढेच टायर. त्या वेगाला टिकून राहायला जेवढी ताकद लागते तेवढीच लागणार, आणि तेवढ्या ताकदीला जवळपास तेवढंच डिझेल. भोक मोठं केल्याने रस्ता सोपा होत नाही. उलट हलक्या लोडवर मोठ्या भोकातून थेंब जाडे पडतात, जाडा थेंब हळू जळतो. गेल्या काही दशकांत कंपन्या भोकं बारीक आणि प्रेशर जास्त याच दिशेने गेल्यात, आज कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून जास्त प्रेशरचं डिझेल देणारी पद्धत) २००० बारच्या वरही चालते, ते फवारा बारीक व्हावा म्हणूनच. आपण मोठं भोक करून उलट्या दिशेला निघतो.

मग फरक कसा दिसतो? एक कारण डॅशबोर्ड. स्क्रीनवरचं अॅव्हरेज टाकीत मोजून येत नाही, ईसीयूने (इंजिनचा कॉम्प्युटर) इंजेक्टरला जेवढं डिझेल टाकायला सांगितलं त्याची बेरीज करून येतं. ईसीयूच्या हिशोबात अजून जुना इंजेक्टर बसलेला आहे. नवा तेवढ्याच वेळात जास्त ओततो, गाडी तेवढीच ओढायला ईसीयूला कमी वेळ उघडावं लागतं, ईसीयूला वाटतं डिझेल कमी लागलं, आणि आकडा वर जातो. माझ्या एका मित्राने मला स्क्रीनचा फोटो पाठवला होता, खूश होता. मी म्हटलं फुल टू फुल कर, त्याच पंपावर, त्याच नळीने, दोन-तीन टाक्या. केल्यावर अॅव्हरेज आधीपेक्षा खाली आलेलं निघालं. ट्यून करून इंजेक्टरची नवी माहिती ईसीयूत भरेपर्यंत त्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

दुसरं कारण त्याहून साधं. इंजेक्टर बदलायला माणूस कधी जातो? बहुतेकदा जुने इंजेक्टर थकले की. सुई आणि सीट झिजलेली, एखादं नोझल थेंब गाळतंय, रिटर्न (इंजेक्टरमधून टाकीकडे परत जाणारं डिझेल) वाढलाय, सकाळी स्टार्टिंगला त्रास, आयडलवर मिसिंग. अशा सेटच्या जागी कुठलाही नवा, बेंचवर जुळवलेला सेट टाकला तरी गाडी सुधारणार, कंपनीच्याच साइजचा टाकला असता तरी सुधारली असती, आणि माझ्या मते जास्त सुधारली असती. श्रेय नव्या सेटचं आहे, मोठ्या भोकाला दिलं जातं. म्हणून कोणी 'मला फरक पडला' म्हटलं की मी पहिलं विचारतो, आधीच्या इंजेक्टरची रिटर्न टेस्ट केली होती का. प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला बाटली लावायची, इंजिन चालू ठेवायचं, आणि कुठल्या बाटलीत जास्त भरतंय ते बघायचं, एवढीच ती टेस्ट आहे, आणि कितीतरी गाड्यांचा 'पॉवर कमी झाली' हा प्रश्न त्याच बाटल्यांमध्ये सापडतो.

'ट्यूनिंग लागत नाही' हे वाक्य मात्र जुन्या इंजिनांतून आलंय आणि तिथे ते बऱ्यापैकी खरंही होतं. कमिन्सचं ५.९ लिटरचं १२ व्हॉल्व्ह इंजिन घ्या, १९९४ ते १९९८ च्या डॉज रॅम पिकअपमध्ये पी७१०० हा मेकॅनिकल पंप होता. तिथे किती डिझेल जायचं हे पंप ठरवतो, इंजेक्टर नुसता ठराविक प्रेशरला उघडतो. नोझल बदललं, पंपाला हात लावला, काम झालं, कॉम्प्युटरचा संबंधच नाही. कॉमन रेलमध्ये गोष्ट उलटी आहे, रेलमध्ये प्रेशर कायम तयार असतं आणि ईसीयू इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवतो यावर डिझेल ठरतं. त्या वेळेचा तक्ता जुन्या भोकासाठी लिहिलेला असतो. फोर्डच्या ७.३ पॉवर स्ट्रोकसारख्या इंजिनात तर इंजेक्टर इंजिन ऑइलच्या प्रेशरवर चालतात, तिथे मोठे इंजेक्टर टाकले की हाय प्रेशर ऑइल पंपही पुरतो का ते बघावं लागतं. तीन वेगळ्या पद्धती आणि मेसेजमध्ये एकच सल्ला.

ट्यून न करता कॉमन रेलमध्ये काय होतं ते सांगतो. मेन इंजेक्शनच्या आधी एक छोटा पायलट फवारा असतो, एक-दोन घन मिलिमीटर, म्हणजे साखरेच्या एखाद-दोन दाण्यांएवढं डिझेल, आणि इंजेक्टर त्यासाठी मिलिसेकंदाच्या दोन-तीन दशांश भागाएवढाच उघडतो. याच्यामुळे इंजिन शांत चालतं. मोठ्या नोझलमध्ये तेवढ्याच वेळात जास्त पडतं, किंवा ईसीयू आयडल सांभाळायला वेळ इतका कमी करतो की सुई कधी नीट उठते कधी नाही. मग खडखड आवाज, आयडल वरखाली, गरम असताना पांढरट धूर. शिवाय बऱ्याच इंजेक्टरवर छापील कोड असतो, तो त्या एका इंजेक्टरचा बेंचवर मोजलेला बारीक फरक असतो आणि स्कॅनरने ईसीयूत भरावा लागतो, तोही त्याच सिलिंडरला. मी हे काम होताना बघितलंय, कोड न भरता गाडी दिली जाते आणि मालक महिनाभर आवाजाच्या मागे फिरतो.

'इंजिनला काही होत नाही' याला मी सगळ्यात जास्त घाबरतो. कंपनी दाबून ठेवते हे अर्धं खरं आहे, एकच इंजिन वेगवेगळ्या पॉवरला विकलं जातं, पण बऱ्याचदा जास्त पॉवरच्या मॉडेलमध्ये पिस्टन, टर्बो, इंटरकूलर वेगळे असतात, नुसते इंजेक्टर नाही. हवा कमी आणि डिझेल जास्त झालं की एक्झॉस्टचं तापमान चढतं. शुद्ध अॅल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं आणि पिस्टनची मिश्रधातू त्याच्याही आधी नरम पडते, खालून ऑइलचा फवारा आणि वरून ताजी हवा येते म्हणून पिस्टन टिकतो. चढावर मागे ट्रेलर, पाय पूर्ण दाबलेला, आणि एक्झॉस्ट ७०० अंशाच्या वर मिनिटामागून मिनिट, ही पिस्टन जाण्याची वाट आहे. रिकाम्या गाडीत पाच सेकंद पळवून बघणाऱ्याला हे कळत नाही, वजन ओढणाऱ्याला कळतं, आणि पिकअप घेतलीच वजन ओढायला.

दुसरी भीती फवाऱ्याच्या कोनाची. 'मोठ्या इंजिनाचे इंजेक्टर यालाही बसतात' असंही सांगतात. बॉडी बसेल हो. पण पिस्टनच्या डोक्यावर जो खड्डा असतो त्यात फवारा नेमका उतरला पाहिजे, कोन चुकला तर डिझेल सिलिंडरच्या भिंतीला लागतं, ऑइलचा थर धुऊन खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. ऑइल पातळ, बेअरिंग उघडी. डिझेल ऑइलमध्ये मिसळणं किती महागात पडतं याचं उदाहरण कंपनीच्या इंजेक्टरचंच आहे, जनरल मोटर्सचं ड्युरामॅक्स एलबी७ इंजिन, २००१ ते २००४, इंजेक्टर व्हॉल्व्ह कव्हरच्या आत होते, गळलं की डिझेल ऑइलमध्ये, आणि जनरल मोटर्सला त्या इंजेक्टरची वॉरंटी ७ वर्षं किंवा २ लाख मैलांपर्यंत वाढवावी लागली.

पंपाचं, क्लचचं थोडक्यात: ओव्हरसाइज सेट मोठा असेल तर हाय प्रेशर पंप पुरत नाही, वरच्या आरपीएमला रेल प्रेशर पडतं, स्कॅनरवर मागितलेलं आणि मिळालेलं प्रेशर शेजारी ठेवून बघा. आणि खालच्या आरपीएमला टॉर्क अचानक वाढला तर क्लच घसरतो, हेड गॅस्केटवरही ताण येतो.

मग मोठे इंजेक्टर कधी घालावेत? घालावेत, एका जागी ते खरंच योग्य आहेत. ३००० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात १८ अंश फिरतो. ट्यूनने डिझेल वाढवत नेलं आणि इंजेक्टर दोन मिलिसेकंद उघडा राहायला लागला, तर ३६ अंश झाले, पिस्टन खाली निघून गेला तरी डिझेल पडतंय, ते उशिरा जळतं आणि उष्णता एक्झॉस्टमध्ये जाते. इथे मोठं नोझल तेच डिझेल कमी अंशात टाकतं, पॉवर मिळते आणि तापमानही उतरू शकतं. पण हे त्या गाडीचं आहे जिच्यात मोठा टर्बो, ट्यून आणि एक्झॉस्ट तापमानाचा गेज आधीच बसलेत. माझा क्रम हाच, गेज, हवा, ट्यून, टाकीकडून पुरवठा, आणि मग इंजेक्टर. बसवताना कॉपर वॉशर नवीन, उघड्या नळ्यांना टोप्या, टॉर्क रेंच, कारण आतली फट काही मायक्रॉनची असते आणि बोटावरची धूळही तिथे पुरते.

ज्यांनी मेसेज वाचून आधीच बसवलेत आणि ट्यून केलेलं नाही, त्यांनी निदान हे करा. उद्या सकाळी गाडी थंड असताना, सपाट जागेवर डिपस्टिक काढा, लेव्हल कुठे आहे त्याचा फोटो ठेवा, आठवड्याने परत बघा. लेव्हल वर चढलेली दिसली आणि ऑइलला डिझेलचा वास आला, तर त्या दिवशी गाडीला वजन लावू नका, ऑइल बदला आणि सेट काढून बेंचवर न्या.