थट्टा पर्यावरणाची नाही, बाटलीवरच्या हिरव्या पानाची

नमस्कार. ‘पर्यावरणपूरक’ जाहिरातींचं विडंबन करणारा व्हिडिओ विद्यार्थ्यांनी कसा करावा, या माझ्या लेखावर तुम्ही लांबलचक प्रतिक्रिया लिहिलीत. शटरचा आकडा चुकलाय, आवाजाचा भाग तोकडा आहे, खर्च धरलेला नाही, आणि शेवटी हे वाक्य: ‘इंदूरसारख्या स्वच्छ शहरात राहून पोरांना पर्यावरणाची थट्टा शिकवता, जरा लाज बाळगा.’

शटरचं तुमचं बरोबर आहे. शटर किती वेळ उघडं ठेवायचं, तिथे मी १/६० सेकंद लिहिलं होतं, हवं १/५०. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून वर्गातले स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. १/५० मध्ये असे दोन ठोके पुरे मावतात. १/६० ला दुसरा ठोका अर्धवट राहतो आणि चित्रावर काळसर पट्टे सरकत जातात. लेखात दुरुस्ती केली आहे. खर्चाचं म्हणाल तर फोन आणि एक निळी चादर, एवढ्यात काम होतं. आवाजावर वेगळा लेख येतो आहे.

पण ‘लाज बाळगा’? समोर बसून हे बोलला असतात का? अकरा वर्षं या शहरात मी मुलांना व्हिडिओ संकलन शिकवते आहे. लाज कशाची बाळगायची ते मला दुसऱ्याने सांगायची गरज नाही. लेखासोबतचा व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिलात की मथळा वाचूनच लिहायला बसलात, हेही तुमच्या प्रतिक्रियेवरून कळत नाही.

थट्टा कशाची होते ते नीट सांगते. लेखातल्या नमुना संहितेत एक प्लास्टिकची बाटली आहे, हिरव्या झाकणाची. निवेदक म्हणतो, ‘शंभर टक्के निसर्गातून. कारण खनिज तेलही धरणीच्याच पोटातून येतं.’ या वाक्यात एकही शब्द खोटा नाही, आणि तरी ते फसवतं. खऱ्या जाहिराती याच वळणाने जातात. ओझोनचा थर विरळ करणाऱ्या सीएफसी वायूंवर बंदी येऊन गेल्यावरही डब्यावर ‘सीएफसी-मुक्त’ असं मिरवणं हा त्याचाच प्रकार. फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहिरात मानक परिषदेने आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा दाव्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं आणली: नुसतं ‘हरित’, ‘नैसर्गिक’ म्हणून भागणार नाही, पुरावा हवा. नियमांनी जे गंभीरपणे घेतलंय, तेच मुलं हसवून दाखवतात. यात पर्यावरणाचा अपमान कुठे झाला?

आणि हे हसू फुकट येत नाही. विडंबन जमायला जाहिरात खरी दिसावी लागते. पानावरचे थेंब साध्या पाण्याचे असतील तर एप्रिलच्या उन्हात तीन-चार टेक होईतो सुकतात. ग्लिसरीन आणि पाणी निम्मं-निम्मं करून फवारलं की टिकतात. मागच्या पडद्याचा रंग संकलनात पुसून तिथे दुसरं दृश्य घालतात, तेव्हा हिरवा पडदा लावला तर पानं, झाकण, हिरवी साडी सगळंच पडद्याबरोबर गायब होतं. म्हणून निळी चादर, तीही माणसापासून दीड-दोन मीटर मागे, नाहीतर गालांवर निळी झाक चढते. तीस सेकंदांना ५५ ते ६० शब्द, त्याहून जास्त नाही. निवेदकाला दम घ्यायला जागा राहिली नाही की तो विकायला लागतो, आणि आपल्याला तो मायेने बोलायला हवा असतो. नटाने हसायचं नाही, गमतीचं संगीत घालायचं नाही. ‘हा विनोद आहे’ असं एकदा सुचवलं की प्रेक्षक दावा तपासायचं सोडून देतो. तळाची बारीक टीप १०८० पिक्सेलच्या चौकटीत आधी २० पिक्सेलची ठेवायची, फोनवर वाचताच येऊ नये अशी. शेवटी तीच ९० पिक्सेलची करून तीन सेकंद थांबवायची. कंपनी काल्पनिक, आणि ‘इकोमार्क’चं मडकं चुकूनही काढायचं नाही, ते पर्यावरणपूरक वस्तूंना मिळणारं सरकारी चिन्ह आहे. एवढं करताना मुलाला प्रत्येक हिरवा शब्द हातात घेऊन तोलावा लागतो. तो पुढे फसेल असं मला वाटत नाही.

आता इंदूर. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात आपण पहिले आलो ते घराघरात कचरा वेगळा झाल्यामुळे: ओला, सुका, प्लास्टिक, ई-कचरा, सॅनिटरी, घातक. मग सांगा, ‘निसर्गात विरघळणारी’ असं लिहून वर पान छापलेली पिशवी गृहिणीने कुठल्या डब्यात टाकायची? पान बघून ती ओल्यात टाकणार. खरोखर कंपोस्ट होणाऱ्या पिशवीलाही बहुधा कारखान्यातली, साठ अंशांच्या आसपासची ऊब लागते. परसातल्या खड्ड्यात ती तशीच पडून राहते. आणि नुसतंच पान छापलेलं साधं प्लास्टिक ओल्या कचऱ्यातून देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्रकल्पापर्यंत, म्हणजे जिथे ओल्या कचऱ्यापासून गॅस करतात तिथपर्यंत, गेलं, तर ते निवडून बाहेर काढावं लागतं. सुरू झाला तेव्हाच दिवसाला ५५० टन क्षमतेचा होता तो प्रकल्प. आपल्या शहराची घडी हा खोटा हिरवा रंग मोडतो, माझे विद्यार्थी मोडत नाहीत.

तरीही थट्टा झाली असं वाटत असेल तर कितव्या सेकंदाला, कुठल्या वाक्यात, ते लिहा. तो भाग मी मुलांबरोबर बसून पुन्हा पाहीन. लाजेबद्दल मात्र पुन्हा लिहिलंत तर उत्तर देणार नाही.